दोन एसएसडींचा एक साठा : वेग आणि जोखीम

घरगुती संगणक मंद चालू लागला की त्यात एकाऐवजी दोन एसएसडी बसवाव्यात आणि त्या जोडून त्यांचा एकच साठा करावा, म्हणजे वेग दुप्पट होईल, असा सल्ला विक्रेते आणि जाणकार मित्र यांच्याकडून पुष्कळदा मिळतो. सल्ला सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि तो देताना दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाही. या रचनेत दोहोंपैकी कोणतीही एक एसएसडी निकामी झाली, तर सुस्थितीत असलेल्या दुसरीवरील माहितीही निरुपयोगी होते. शिक्षकांनी तयार केलेले चित्रित पाठ, सभांच्या इतिवृत्तांचे मसुदे, मुलांचे अभ्यासाचे साहित्य आणि घरची छायाचित्रे आज एकाच संगणकात शेजारी-शेजारी असतात. म्हणून ही रचना कशी चालते, कोणत्या कामास ती उपयोगी पडते आणि कोणत्या कामास मुळीच पडत नाही, हे समजून घेऊन मगच तिचा अवलंब करणे इष्ट ठरेल.

पानांची वाटणी

या पद्धतीस स्ट्रायपिंग, म्हणजे पट्ट्यांची विभागणी, असे म्हणतात. एका मोठ्या दस्तऐवजाची नक्कल दोन कारकुनांकडून करून घ्यावयाची आहे, अशी कल्पना करावी. पहिले पान एकाने, दुसरे पान दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने, असा क्रम ठेवला तर काम जवळजवळ निम्म्या वेळात संपेल. मात्र नक्कल झालेली पाने प्रत्येकाने आपापल्या कपाटात ठेवली आणि त्यांतील एक कपाट जळाले, तर उरलेल्या कपाटातील केवळ सम किंवा केवळ विषम पानांवरून तो दस्तऐवज कोणासही वाचता येणार नाही.

संगणकातही नेमके हेच घडते. साठवावयाच्या माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे केले जातात आणि ते आळीपाळीने दोन एसएसडींवर लिहिले जातात. तुकड्याचा आकार १२८ किलोबाइट ठेवला असेल, तर ४ मेगाबाइटच्या एका छायाचित्राचे ३२ तुकडे होतात; १६ एकीवर आणि १६ दुसरीवर जातात. वाचतानाही दोघी एकाच वेळी कामास लागतात. एखादी फाइल इतकी लहान असेल की ती एकाच तुकड्यात मावते, तर एक एसएसडी गेल्यावरही ती वाचेल असे कोणास वाटेल. तत्त्वतः ते खरे आहे. परंतु कोणती फाइल कोठे आहे याची अनुक्रमणिकाही अशीच दोन ठिकाणी विभागलेली असते, त्यामुळे या समाधानाचा व्यवहारात फारसा उपयोग होत नाही.

कल्पनेचा उगम

माहिती साठविणाऱ्या चकत्यांचा इतिहास १९५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने ३५० हे साठवण यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. पुढील तीन दशकांत चकत्या लहान झाल्या, क्षमता वाढली. परंतु फिरणारी चकती आणि तिच्यावरून सरकणारे वाचनशीर्ष ही मूळ रचना कायम राहिली. आजही मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष सरकण्यास लागणारा वेळ याहून वेगळा. गणन करणारा भाग जसजसा वेगवान होत गेला तसतशी ही वाट पाहणे अधिक जाचक ठरू लागले.

१९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांत वापरल्या जाणाऱ्या अनेक लहान, स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, असे त्यांनी सुचविले. त्यांनी रूढ केलेली रेड ही संज्ञा आज सर्वत्र वापरली जाते. या निबंधातील एक साधे गणित मात्र फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. एका डिस्कचे बिघाडापूर्वीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले आणि अशा १०० डिस्क एकत्र वापरल्या, तर समूहातील पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच अपेक्षित धरावा लागतो. म्हणूनच लेखकांनी केवळ समूह करा असे सांगितले नाही. समूहात जादा डिस्क ठेवून माहितीची भरपाई करता येईल अशा पाच पद्धती त्यांनी मांडल्या आणि त्यांना एक ते पाच क्रमांक दिले.

ज्या पद्धतीत अशी कोणतीही भरपाई नाही, केवळ विभागणी आहे, तिला पुढे शून्य हा क्रमांक मिळाला. रेड-शून्य हे नाव त्या अर्थाने प्रामाणिक आहे, कारण तिच्यात संरक्षण शून्य असते. बाजारात ते नाव रेड कुळातील इतर नावांच्या रांगेत उभे राहते, आणि रेड म्हणजे सुरक्षितता असा समज झालेला ग्राहक फसतो.

एसएसडीने बदललेले चित्र

एसएसडीत फिरणारा भागच नसतो. तिचा आधार असलेल्या फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये आणि आज एसएसडीत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. हार्ड डिस्कला जेथे कित्येक मिलिसेकंद लागतात, तेथे एसएसडी मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात उत्तर देते. जुन्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी एकच साधी एसएसडी बसविली तरी तो नवा झाल्यासारखा वाटतो, याचे कारण हेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एसएसडी स्वतःच आतून विभागणीच्या तत्त्वावर चालते. तिच्या आत स्मृतीच्या अनेक चिपा असतात आणि नियंत्रक त्यांच्याशी अनेक मार्गांनी एकाच वेळी देवघेव करतो. २००८ मध्ये आलेल्या इंटेलच्या एक्स-२५-एम या एसएसडीत असे दहा मार्ग होते. म्हणजे दोन एसएसडींची रचना करणारा मनुष्य आधीच विभागलेल्या माहितीची आणखी एकदा विभागणी करीत असतो.

मग तिची गरज का भासली? आतले मार्ग वाढले, परंतु एसएसडीला मदरबोर्डशी जोडणारी साटा ही वाट अरुंद राहिली. तिची सेकंदाला ६ गिगाबिट वाहून नेणारी सुधारित आवृत्तीदेखील प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंतच पोहोचते. एक वाट पुरत नाही म्हणून दोन वाटा वापराव्यात, हा विचार त्या काळी योग्यच होता. २००९ मध्ये सॅमसंगने प्रसारित केलेल्या एका चित्रफितीत २४ एसएसडी एकत्र जोडून सेकंदाला २ गिगाबाइट वेग गाठल्याचे दाखविले होते. २०१० मध्ये ओसीझेड कंपनीने रेव्होड्राइव्ह या नावाने दोन नियंत्रकांची रेड-शून्य रचना एकाच कार्डावर आणली.

परंतु वाटच रुंद झाली. २०११ मध्ये एनव्हीएमई या नव्या पद्धतीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले आणि एसएसडी थेट पीसीआय एक्सप्रेस या मार्गास जोडली जाऊ लागली. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीतील एक एसएसडी सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट, तर चौथ्या पिढीतील सुमारे ७,००० मेगाबाइट वाचू शकते. ज्या वेगासाठी २००९ साली २४ एसएसडी लागल्या, त्याहून अधिक वेग आज बोटभर लांबीच्या एका पट्टीत मिळतो. नवा संगणक घेणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे. दोन साटा एसएसडींची जोडणी करण्यापेक्षा, मदरबोर्डवर जागा असल्यास, एक एनव्हीएमई एसएसडी घेणे बहुतेक प्रसंगी सोपे आणि वेगवान ठरते.

लाभ कोठे, कोठे नाही

दुप्पट वेगाचा जो आकडा चाचण्यांतून दाखविला जातो, तो मोठी फाइल सलग वाचताना किंवा लिहिताना मिळतो. संगणक सुरू होताना, एखादा कार्यक्रम उघडताना किंवा पत्रे आणि तक्ते तयार करताना मात्र शेकडो लहान-लहान मागण्या होत असतात. त्यांतील पुष्कळशा चार किलोबाइटसारख्या अल्प आकाराच्या असतात. अशी मागणी एकाच तुकड्यात मावते, म्हणून ती एकच एसएसडी पुरी करते. दुसरी त्या वेळी रिकामी बसते. लहान मागण्या एकामागून एक येतात तेव्हा दोन एसएसडी असूनही उत्तर येण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. पत्रव्यवहार, हिशेब आणि वाचन एवढ्यासाठी संगणक वापरणाऱ्यास या रचनेपासून जाणवण्याजोगा लाभ होत नाही, असे स्पष्टपणे म्हणावयास हरकत नाही. तेच पैसे स्मृती, म्हणजे रॅम, वाढविण्यास खर्च केले तर अधिक फळ मिळण्याचा संभव आहे.

माहिती कोठून येते आणि कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या जाळ्यावरून फाइल येत असेल, तर सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक काही येऊच शकत नाही. तो वेग साधी हार्ड डिस्कही सांभाळू शकते. मंद पेन ड्राइव्हमधून नक्कल करतानाही तेच. रुंद हौदास बारीक नळाने पाणी भरावे, तसा हा प्रकार होतो.

खरा लाभ होतो तो चलच्चित्रांच्या संपादनात. उच्च प्रतीच्या चित्रणाच्या फाइली फार मोठ्या असतात, त्या सलग वाचल्या जातात आणि संपादन चालू असताना तात्पुरत्या फाइलीही मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जातात. घरी पाठ चित्रित करून त्यांची जुळणी करणाऱ्या शिक्षकाकडे दोन साटा एसएसडी पूर्वीपासून असतील, तर त्यांची जोडी चित्रणाचे कार्यक्षेत्र म्हणून वापरणे उपयुक्त ठरते. मूळ चित्रण अन्यत्र सुरक्षित आहे, काम संपले की तयार पाठ अन्यत्र हलविला जातो, आणि मधल्या काळापुरतीच ही जोडी वापरली जाते, अशी व्यवस्था असल्यास जोखीम जवळजवळ उरत नाही. या रचनेचे हेच खरे स्थान होय.

जोखमीचे गणित

एक एसएसडी वर्षभरात निकामी होण्याचा संभव समजा शंभरात एक आहे. दोन एसएसडींच्या जोडीत साठा बुडण्याचा संभव शंभरात १.९९, तर चारांच्या संचात ३.९४ होतो. म्हणजे एसएसडी जितक्या वाढवाव्यात, जवळजवळ तितक्या पटीने धोका वाढतो. शंभरात दोन हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्याची दहा वर्षांची छायाचित्रे गेली त्याचे नुकसान शंभर टक्केच असते.

शिवाय एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडते. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी कधी कधी आवाज करू लागते, मंदावते. एसएसडीचा नियंत्रक बिघडला तर संध्याकाळी चालणारा साठा सकाळी संगणकास दिसतच नाही. निकामी झालेल्या विभागलेल्या साठ्यातून माहिती परत मिळविण्याचे काम खर्चिक असते आणि त्यात यशाची हमी नसते.

बिघाड एसएसडीतच व्हावा लागतो असेही नाही. मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली की त्याची मांडणी मूळ पदावर येते. रेडचा पर्याय बंद होतो आणि संगणकास एका साठ्याऐवजी दोन अनोळखी एसएसडी दिसू लागतात. अशा वेळी साठा बहुधा शाबूत असतो आणि पर्याय पूर्ववत केला की तो पुन्हा दिसू लागतो. घाबरलेला वापरणारा मात्र पडद्यावर येणाऱ्या सूचनेस होकार देऊन एसएसडी नव्याने तयार करण्यास अनुमती देतो आणि स्वतःच्या हाताने माहिती घालवितो. साठा अचानक दिसेनासा झाल्यास प्रथम काहीही न लिहिता, काहीही तयार न करता, मांडणी तपासावी. वीज वारंवार जाणाऱ्या भागात संगणकास यूपीएस असणे या रचनेत अत्यावश्यकच मानावे, कारण वीज जाते त्या क्षणी लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहण्याची भीती असते.

रचना कशी करावी

रचना करण्यापूर्वी दोन्ही एसएसडींवरील सर्व माहिती अन्यत्र नकलून घ्यावी, कारण जोडणी करताना ती पुसली जाते. दोन्ही एसएसडी एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच नमुन्याच्या असाव्यात. ५०० गिगाबाइटची एक आणि १,००० गिगाबाइटची दुसरी अशी जोडी केली, तर रेड-शून्यात साधारणतः लहानीच्या दुप्पट, म्हणजे १,००० गिगाबाइट एवढीच जागा मिळते. मोठीचा अर्धा भाग वाया जातो. वेगही दोहोंतील मंद एसएसडीप्रमाणे ठरतो.

यानंतर मदरबोर्डची पुस्तिका वाचावी. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते आणि निराशेचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. काही मदरबोर्डांत एका विशिष्ट खाचेत एनव्हीएमई एसएसडी बसविली की एक-दोन साटा जोडण्या बंद होतात. तसेच २०१५ पासून काही वर्षे आलेल्या इंटेलच्या अनेक मदरबोर्डांत सहायक चिपसेट आणि मुख्य प्रक्रियक यांमधील दुवा सेकंदाला सुमारे ३.९ गिगाबाइट एवढाच आहे. चिपसेटमागे ३,५०० मेगाबाइट वेगाच्या दोन एसएसडी जोडल्या तरी त्या एकाच दारातून जातात आणि वेग दुप्पट होत नाही. त्या दाराने जाळे, यूएसबी आदी इतर वाहतूकही चालते.

जोडणीचे मार्ग तीन आहेत. पहिला मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीतून. त्यात साठवणीचा पर्याय एएचसीआयवरून रेडवर न्यावा लागतो आणि मग दोन्ही एसएसडी निवडून रेड-शून्य साठा तयार करावा लागतो. आधीच बसविलेली विंडोज हा पर्याय बदलताच सुरू होईनाशी होऊ शकते. म्हणून ती नव्याने बसविण्याची तयारी ठेवावी आणि आवश्यक तो ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर जवळ ठेवावा. विंडोज याच साठ्यावरून सुरू व्हावी अशी इच्छा असेल, तर हाच मार्ग घ्यावा लागतो. दुसरा मार्ग विंडोजमधील स्टोरेज स्पेसेस या सुविधेचा असून ती २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली. तिच्यातील साधा हा प्रकार विभागणी करतो, आणि त्यात संरक्षण नाही हे ती पडद्यावर स्वतःच सांगते. केवळ कामाच्या फाइलींसाठी साठा हवा असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. मदरबोर्ड बदलला तरी या साठ्याची ओळख विंडोजला राहते. तिसरा मार्ग लिनक्स वापरणाऱ्यांचा. तेथील एमडीएडीएम हे साधन जुने आणि भरवशाचे असून त्याने केलेला साठा दुसऱ्या लिनक्स संगणकावरही ओळखला जातो.

तुकड्याच्या आकाराविषयी फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. लिनक्सचे साधन काही न सांगितल्यास ५१२ किलोबाइट धरते. मदरबोर्डांच्या मांडणीत १६ पासून १२८ किलोबाइटपर्यंतचे पर्याय आढळतात. चित्रणासारख्या मोठ्या फाइलींसाठी मोठा तुकडा घ्यावा आणि पुढे जावे. त्याहून महत्त्वाची बाब ट्रिम या सूचनेची. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे ती एसएसडीस कळविते. ती न मिळाल्यास लिहिण्याचा वेग कालांतराने घटू शकतो. विभागलेल्या साठ्यातून ही सूचना आत पोहोचविण्याची सोय इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये आणि लिनक्समध्ये २०१२ साली झाली. त्यापूर्वीच्या जुन्या संगणकावर ही रचना करू नये.

प्रतींची व्यवस्था

ज्या माहितीची दुसरी प्रत नाही, ती अशा साठ्यावर एक दिवसही ठेवू नये. कार्यालयीन अभिलेख, परीक्षांचे गुणतक्ते, सभांची इतिवृत्ते यांना येथे स्थान नाही. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, हा जाणकारांचा संकेत सर्वांनीच पाळण्याजोगा आहे. प्रत घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यातील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असणे आणि प्रत नसणे यांत फरक नाही. वापरून झिजलेली एसएसडी प्रत म्हणून कपाटात वर्षानुवर्षे ठेवू नये. विजेशिवाय तिच्यातील माहिती कायम टिकेल असे नाही. घरगुती एसएसडीसाठी असलेल्या जेडेक मानकात, लेखनाची पूर्ण मर्यादा वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सियस तापमानात एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच अपेक्षा धरलेली आहे.

दोन एसएसडी हाताशी असताना सुरक्षितता हवी असेल, तर त्याच मांडणीत रेड-एक हा पर्याय असतो. त्यात दोहोंवर तीच माहिती लिहिली जाते. जागा एकीचीच मिळते, परंतु एक गेली तरी काम थांबत नाही. अर्थात चुकून पुसलेली फाइल त्यात दोन्हीकडून एकाच वेळी पुसली जाते, म्हणून स्वतंत्र प्रतीची आवश्यकता तेथेही राहतेच.

रचना पूर्ण झाली की तुकड्याचा आकार, दोन्ही एसएसडींचा क्रम, कोणती एसएसडी कोणत्या जोडणीस आहे, कोणता मार्ग वापरला आणि कोणत्या दिनांकास, हे एका चिठ्ठीवर लिहून ती संगणकाच्या पेटीच्या झाकणास आतून चिकटवावी. पुढे बॅटरी बदलताना किंवा पेटी स्वच्छ करताना दुसरा कोणी ती उघडील, तेव्हा समोरच्या दोन एसएसडी मिळून एकच साठा आहे आणि त्यांतील एक काढून अन्यत्र वापरावयाची नाही, हे त्यास त्या चिठ्ठीवरूनच कळेल.